काटा खराब असेल

काटा परत आला तो एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, बायकी चपलांच्या खोक्यातून. खोक्याला सुतळी बांधली होती आणि गाठ अशी मारली होती की वाटेत सुटू नये, पण ज्याला सोडायची आहे त्याने एक टोक ओढलं की सरळ मोकळी व्हावी. वर त्याचं नाव, हुद्दा, विभाग, मजला, सगळं स्वच्छ अक्षरात. आत जुन्या वर्तमानपत्राच्या तीन घड्या आणि त्यांत स्प्रिंगचा काटा: पितळी तोंड, वर कडी, खाली आकडा. काट्याखाली वजनमापं खात्याचा शिक्का मारलेला एक कागद होता आणि त्याखाली वहीचं फाडलेलं पान. ते पान त्याने उभ्याउभ्याच वाचलं, कारण खुर्ची मागे ओढायचं त्याला सुचलं नाही.

‘आदरणीय साहेब, काम सुटलं तेव्हा काटा माझ्याकडेच राहून गेला होता, तो पाठवते. खराब वस्तू तशीच परत करणं बरं वाटेना म्हणून आधी दुरुस्तीला नेला, तर दुकानदार म्हणाला यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मग खात्याकडून तपासून घेतला. काटा बरोबर आहे असं त्यांचं म्हणणं, दाखला जोडला आहे. म्हणजे चूक माझ्या वाचण्यात झाली असणार. कुठे झाली ते कळवलंत तर पुढच्या कामात सांभाळीन. पाण्याचे मीटर वाचण्याचं काम मिळण्याचा संभव आहे. तिथे आपलं नाव दिलं आहे, ते लोक आज-उद्या फोन करतील. तसदीबद्दल क्षमा असावी.’ खाली सही होती आणि सहीखाली, ओळख पटावी म्हणून, ‘सर्व्हेवाली’ असं लिहिलेलं. जणू तो विसरला असता.

त्याने काटा खणात टाकला आणि खण ढकलला. खण लागेना, आकडा मध्ये येत होता. काटा आडवा केला, उभा केला, शेवटी स्टेपलर आणि चहाच्या पुड्या बाहेर काढल्या तेव्हा कुठे खण लागला, आणि मग टेबलावर त्या चहाच्या पुड्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहिल्या. हिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. शिवीला उत्तर देता येतं. निदान मनातल्या मनात म्हणता येतं की बाईला बोलायची रीत नाही. पण जिचा गळा आपण कापला ती मान पुढे करून विचारते की साहेब, सुरीला माझा काही त्रास तर झाला नाही ना, तिला काय लिहिणार? त्याला लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ, हे तो कुणाजवळही कबूल करणार नव्हता, किंचित सुटल्यासारखंही वाटलं. तिला कळलेलं नव्हतं. अजूनही कळलेलं नव्हतं.

ऑफिसात त्याला टनसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, पण पाठीमागे इतक्या मोठ्याने की ते तोंडावरच म्हटल्यासारखं होई. स्वतःचं वजन अठ्ठेचाळीस किलो, वाऱ्याच्या दिवशी बायको फाटक धरून चालायला सांगायची, आणि बोलणं मात्र टनाखाली नाही. कंपनी काचेच्या बाटल्या करायची. बाटल्यांची भट्टी वर्षानुवर्षं विझवता येत नाही. विझली तर आतली काच थिजते आणि भट्टीच फोडावी लागते. तेव्हा धूर कमी करायचा म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी करायचा. कंपनीने डोंगराकडच्या बारा हजार घरांत कमी धुराच्या चुली वाटल्या, आणि त्या चुलींमुळे जो धूर झाला नाही तो टनांत मोजून त्याची कार्बन क्रेडिट घेतली. एक टन न झालेला धूर, एक क्रेडिट. थोडी आपल्या भट्टीच्या नावावर टाकायची, बाकीची लांबच्या एका विमान कंपनीला विकायची, आणि ही सगळी उस्तवार वर्षाच्या शेवटी एका गुळगुळीत अहवालात छापायची. मुखपृष्ठ हिरवं म्हणून त्याला हिरवं पुस्तक म्हणत. ते पुस्तक तो लिहायचा. पुस्तकावर नाव अर्थातच मोठ्या साहेबांचं असे, आणि पहिल्या पानावर फोटोही त्यांचाच, एका रोपट्याजवळ वाकलेला.

न झालेली गोष्ट मोजायची म्हणजे आधी ठरवावं लागतं, नाहीतर काय झालं असतं. चूल दिली नसती तर त्या घरात रोज किती लाकूड जळलं असतं? परिपत्रकात या रकान्याला भारदस्त नाव होतं, पण तो आणि हिशेबनीस त्याला नाहीतरचा रकाना म्हणत. जितकं नाहीतर मोठं तितकी क्रेडिट जास्त, इतकं ते सोपं होतं. सहा वर्षं तो रकाना भरता भरता त्याला वाईट खोड लागली होती. बसमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, बायको बोलत असताना, तो स्वतःच्या आयुष्याचा नाहीतर काढत बसे. ही नोकरी घेतली नसती तर. धाकट्या भावाला त्या वेळी पैसे पाठवले असते तर. हिशेब नेहमी आपल्या बाजूने लागायचा, कारण नाहीतर ठरवणाराही तोच होता. नाहीतर मी आणखी वाईट वागलो असतो, असं धरलं की माणूस आपोआप चांगला ठरतो.

सर्व्हेवाली मात्र नाहीतर धरत नसे, वजन करी. पस्तिशीच्या आतबाहेरची बाई, आधी कुठल्याशा शाळेत शिवण शिकवायची. शाळेने शिवण बंद केलं तेव्हा ती या कामाला आली. चुली वाटण्याआधी चाळीस घरं निवडून प्रत्येक घरी सात दिवस, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, लाकडाचा ढीग तोलायचा आणि वजाबाकी मांडायची, एवढं काम. तो तिच्याबरोबर दोन दिवस डोंगरावर गेला होता. चढताना त्याला धाप लागत होती आणि ती पुढे, खांद्यावर काटा, काट्याचा आकडा पाठीवर झोके खातोय. गावातल्या बायका तिला काटेवाली म्हणायला लागल्या होत्या. मोळी अडकवली की ती श्वास रोखायची, मोळी झुलायची थांबेपर्यंत थांबायची, आणि मग म्हणायची, ‘चार आणि दोन बारक्या रेघा.’ त्याला त्या बारक्या रेघा दिसतही नव्हत्या. एकदा त्याने म्हटलं, ‘साडेचार लिहा की, कोण बघतंय.’ तिने त्याच्याकडे पाहिलं, रागाने नाही, नवीन विद्यार्थिनीने उलटा टाका घातल्यावर शिवणाच्या बाईने पाहावं तसं, आणि चार पूर्णांक दोन लिहिलं. तेव्हा त्याला हसू आलं होतं. रात्री मुक्कामाला त्याने बायकोला फोनवर सांगितलंही, इथे एक बाई आहे, लाकडाला सोन्यासारखं तोलते.

चाळीस घरांची सरासरी आली चार पूर्णांक एक. रोज चार किलोच्या वर एक रेघ. सल्लागार कंपनीने कागदावर धरलं होतं सहा पूर्णांक चार. फरक का, हे त्याला डोंगरावरच एका म्हातारीने सांगितलं होतं. चुलीतलं लाकूड मागे ओढून, त्याचं पेटलेलं टोक राखेत खुपसून विझवत ती म्हणाली होती, ‘लाकूड आणायला पाय लागतात, बाबा. सकाळी गेलं की दुपारी परत. म्हणून आम्ही जपून जाळतो.’ एवढंच होतं. या बायका चूल मिळण्याआधीच काटकसरीने जगत होत्या, आणि त्या काटकसरीमुळे क्रेडिट एका घरामागे तीन टनांवरून दोनाच्या आत येत होती. बारा हजार घरं. जवळजवळ तेरा हजार टन न झालेला धूर, जो सहाच्या हिशेबाने झाला नव्हता, तो चारच्या हिशेबाने मुळात होणारच नव्हता. आणि विमान कंपनीला शब्द सहाच्या हिशेबाने दिलेला होता.

बैठकीची खोली बाराव्या मजल्यावर. लांब टेबल, प्रत्येकासमोर कंपनीच्याच काचेच्या बाटलीत पाणी, आणि वातानुकूलन इतकं कडक की हिशेबनीस बैठकीला येताना मुद्दाम स्वेटर आणायचा. मोठ्या साहेबांनी तक्ता पाहिला, बोट त्या आकड्यावर ठेवलं आणि विचारलं, ‘हे असं कसं?’ बस. आवाज चढवला नाही, भुवई उचलली नाही. त्यानंतर त्याने हजार वेळा ती खोली डोळ्यांपुढे आणली आणि त्यात साहेबांचा दरारा शोधला, धमकी शोधली, निदान एखादी सूचक शांतता तरी. काही नव्हतं. साहेबांना खरंच कळून घ्यायचं होतं. तो म्हातारीची गोष्ट सांगू शकला असता. दीड मिनिटाची गोष्ट. साहेब कदाचित नाराज झाले असते, कदाचित म्हणाले असते, बरं, मग विकत घेणाऱ्याला कळवा. पण सगळे त्याच्याकडे पाहत होते, गारठ्याने त्याचे गुडघे दुखत होते, आणि तो म्हणाला, ‘काटा खराब असेल.’

असेल. त्यात कुणावर आरोप नव्हता, ठाम असं काही नव्हतं. घरात किल्ली सापडली नाही की माणूस म्हणतो, वर असेल, खिशात असेल. वेळ मारून न्यायचा शब्द. पण टेबलाच्या टोकाला बैठकीची टिपणं लिहिणारी मुलगी बसली होती, आणि तिने लिहिलं, ‘काटा खराब असल्याचे सांगण्यात आले.’ ते टिपण मनुष्यबळ विभागाकडे गेलं, तिथे त्याचं झालं ‘सदोष उपकरण वापरले’. आणि हिरव्या पुस्तकाची वेळ आली तेव्हा ते त्याच्याचकडे परत आलं आणि त्याने स्वतःच्या हाताने टीप एकतीसमध्ये लिहिलं: ‘क्षेत्रीय पाहणीत वापरलेल्या वजनकाट्यात दोष होता, सबब सर्वमान्य सरासरी ग्राह्य धरली आहे.’ असेलचं होता व्हायला पाच आठवडे लागले. कुठल्याही एका पायरीवर कुणी खोटं बोललं असं म्हणता येणार नव्हतं, पहिली पायरी सोडून. पहिल्या पायरीवरही नाही, असं तो स्वतःला सांगायचा. असेल म्हणजे असेल.

तिचं कंत्राट पुढे चालू ठेवलं नाही. शेवटच्या दिवशी ती त्याला लिफ्टपाशी भेटली, हातात कापडी पिशवी. ‘साहेब, चुकलंच माझं,’ ती म्हणाली. ‘काटा आधी तपासून घ्यायला हवा होता. तुमच्या रिपोर्टाला गालबोट लागलं माझ्यामुळे.’ लिफ्ट सातव्या मजल्यावर अडली होती. तो लाल आकड्याकडे पाहत राहिला, बटण पुन्हा दाबलं आणि म्हणाला, ‘असू दे. होतं असं.’ म्हणजे त्याने तिला क्षमा केली होती. तो खांब झाला असता, मुका झाला असता, तरी चाललं असतं, पण त्याने मोठ्या मनाने क्षमा केली होती, आणि ती ‘उपकार झाले’ म्हणाली होती. हे आठवलं की त्याच्या मानेवरून काहीतरी गरम खाली उतरायचं. आत्ताही उतरलं.

‘काय हो, चहाचं दुकान टाकलंत?’ हिशेबनीस टेबलाच्या कडेवर टेकला आणि एक पुडी उचलून वास घेऊ लागला. हिशेबनीस हा गृहस्थ मोठा आनंदी. क्रेडिट नावाचा माल ताळेबंदात कुठे मांडायचा याचा नियम या देशात अजून कुणी केलेला नव्हता, आणि त्यावर त्याचं एक ठरलेलं भाषण होतं: या मालाला हात लावता येत नाही, गोदाम लागत नाही, उंदीर खात नाही, पण विकला मात्र जातो, तेव्हा याला माल म्हणावं की हक्क म्हणावं की देवाची करणी? शेजारच्या सिमेंटवाल्यांनी हक्क म्हटलं, आपण माल म्हटलं, दोघांचंही तपासनिसांनी मान्य केलं. नियम नसला की टीप लिहायची, असं तो म्हणायचा, आणि टीप वाचायची सक्ती कुणावर नाही.

त्याने खण उघडून काटा दाखवला. दाखलाही दाखवला. हिशेबनिसाने दाखला वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं, आणि पुडी खाली ठेवली.

‘बरोबर आहे म्हणतायत काटा,’ तो हिशेबनिसाला म्हणाला.

‘दिसतंय.’

‘मग टीप एकतीस...’

‘हे बघा,’ हिशेबनीस हळू आवाजात म्हणाला, आणि त्या आवाजात खरोखरची माया होती, ‘ते टन विमानवाल्यांनी वापरलेसुद्धा. निवृत्त केले त्यांनी नोंदवहीत. एकदा निवृत्त झाला की टन परत कामावर येत नाही. ना पेन्शन, ना मुदतवाढ. आता तुम्ही ते खोटे होते म्हणालात तर आपण, ते, तपासनीस, सगळे गोत्यात. आणि कशासाठी? बाईला काय, ती कुठेतरी लागेलच.’

‘मीटर वाचायच्या कामाला लागतेय. ते लोक मला विचारणार आहेत.’

‘मग चांगलं सांगा की तिच्याबद्दल. तोंड गोड करायला काय जातं?’ हिशेबनीस उठला, चहाची एक पुडी खिशात घातली आणि म्हणाला, ‘मी काटा पाहिला नाही. मी चहा न्यायला आलो होतो.’

दुपारी तो जेवायला खाली गेला नाही. डबा टेबलावरच उघडला आणि चार घासांनंतर झाकला. त्याला ताई आठवत होती. तो आठ वर्षांचा, ताई अकराची, आणि गच्चीवरच्या टाकीचा नळ त्याने उघडा टाकला होता. सगळ्या इमारतीचं पाणी गेलं. वडिलांनी दारातच विचारलं, कुणी उघडा ठेवला? आणि तो म्हणाला होता, ताईने ठेवला असेल. तेव्हाही असेलच. हा शब्द त्याच्या तोंडात तेव्हापासून तयारच होता म्हणायचा. ताईला दोन धपाटे बसले आणि दिवसभर बादल्या चढवायची शिक्षा झाली. संध्याकाळी तिने त्याला जिन्यात गाठलं, दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर निळं होतं, आणि कानात म्हणाली, ‘मला माहितेय आणि तुलाही माहितेय.’ पुढे सगळं आयुष्य त्यांचं छान गेलं. ताई अजूनही लग्नकार्यात त्या टाकीची गोष्ट सांगते आणि सगळे हसतात. त्याला पहिल्यांदाच जाणवलं की ताईजवळ तेवढं तरी होतं. बादली उचलताना तिला पक्कं ठाऊक होतं की आपण नळ उघडा ठेवलेला नाही. या बाईजवळ तेही ठेवलं नव्हतं त्याने. खात्याचा शिक्का हातात धरूनसुद्धा ती त्याच्यावर विश्वास ठेवत होती आणि स्वतःवर नाही.

फोन चारला आला. पाणी कंपनीतल्या अधिकारी बाई होत्या, आवाजावरून कामाच्या. त्यांनी सर्व्हेवालीचं नाव सांगितलं, किती वर्षं काम केलं, रजा फार घ्यायची का, भांडखोर आहे का, असं एकेक विचारलं, आणि तो प्रत्येक प्रश्नाला आवश्यकतेपेक्षा जास्त उत्साहाने उत्तर देत गेला. अतिशय प्रामाणिक. अतिशय कष्टाळू. डोंगर चढायची, एक दिवस खाडा नाही. बोलता बोलता त्याला चांगलं वाटू लागलं. त्याला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर तिचं काम होईल आणि आपलंही निभावेल.

‘ते सगळं ठीक,’ बाई म्हणाल्या. ‘एकच नेमकं विचारते. आमचं काम आकडा वाचायचं. तुमचा अहवाल आमच्याकडे आहे, त्यात टीप एकतीस वाचली मी.’

तेव्हा या जगात टीप वाचणारं माणूस होतं. त्याने खणाच्या मुठीला हात लावला.

‘काट्यात दोष होता असं लिहिलंय. पण दोन महिने काटा खोटा दाखवतोय आणि वाचणाऱ्याला कळत नाही, हे मला पटेना. म्हणून स्पष्ट विचारते. आकड्यांच्या बाबतीत हिच्यावर भरवसा ठेवू का?’

एका हो ने भागलं असतं. डोळे झाकून ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ही बाई, जी टिपा वाचते, ती पुढचा प्रश्न विचारणार: मग काट्याचं काय? आणि त्या प्रश्नापलीकडे तेरा हजार टन उभे होते, निवृत्त झालेले, आणि मोठे साहेब, आणि सहा वर्षांची हिरवी पुस्तकं, आणि मुलीच्या कॉलेजचं तिसरं वर्ष, आणि घरी बायकोला सांगायचं वाक्य, जे त्याला अजून कसं सुरू करायचं तेही माहीत नव्हतं. त्याने श्वास घेतला. तिला काम मिळालं पाहिजे, हे त्याला मनापासून वाटत होतं. ते खोटं नव्हतं.

‘बाई सोन्यासारखी आहे,’ तो म्हणाला. ‘पण मीटरवर नका घेऊ. आकड्यांचं सोडून दुसरं काहीही द्या, जीव ओतून काम करील.’

‘समजलं,’ त्या म्हणाल्या. ‘स्पष्ट बोललात, बरं झालं. नाहीतर लोक नुसती स्तुती करतात.’

फोन ठेवल्यावर चारेक मिनिटं तो खरोखर समाधानात होता. त्याने तिची बाजू घेतली होती, जमेल तेवढी. दुसरं काहीही द्या, हे त्याने मुद्दाम, जोर देऊन म्हटलं होतं. दुसरा असता तर नुसतं बघा बुवा म्हणून मोकळा झाला असता. मग समोरच्या टेबलावरची मुलगी शिंकली, पंखा एका बाजूने कुरकुरत फिरत राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की गेल्या वर्षी निदान काट्यावर बोट दाखवलं होतं. आज त्याने ते तिच्यावर दाखवलं. मधल्या वर्षात तो एवढं पुढे आला होता. वेळ संपायच्या आधीच त्याने टेबल आवरलं आणि कुणाला न सांगता जिन्याने खाली उतरला, बारा मजले, कठडा धरून.

घरी बायको खिडकीशी बसून मुलीच्या कुर्त्याची शिवण उसवत होती. ‘लवकर?’ तिने विचारलं, आणि त्याच्याकडे पाहून पुढचं विचारलं नाही. तो तिच्याजवळ बसला. शिवण उसवताना ती टाका मोडू न देता सुईच्या टोकाने एकेक सोडवायची, आणि ते पाहताना त्याला सगळं सांगावंसं वाटलं. ‘एका बाईचं माझ्या हातून वाईट झालं,’ तो म्हणाला. बायकोचे हात थांबले. ‘ऑफिसातल्या?’ ‘हो. म्हणजे होती.’ ‘मग नीट करून टाका की,’ ती म्हणाली. ‘नीट होण्यासारखं आहे ना?’ तो म्हणाला, ‘आहे.’ हे मात्र खरं होतं. ते ऐकून तिला हायसं वाटलं, ती पुन्हा शिवणीकडे वळली, आणि त्याने आतल्या खोलीत जाऊन सर्व्हेवालीचा नंबर शोधला. एकच वाक्य होतं: चूक तुमची नव्हती. मनाशी तीनदा म्हणून पाहिलं. पुढचं पुढे बघता येईल, टनांचं, टिपेचं, साहेबांचं. आज निदान हे एक. त्याने नंबर दाबायला घेतला आणि त्याच वेळी फोन वाजला. तिचाच होता.

‘साहेब, मी बोलतेय, सर्व्हेवाली. संध्याकाळचा त्रास देते.’

‘नाही नाही. मी तुम्हालाच...’

‘घेतलं त्यांनी मला,’ ती म्हणाली. आवाजात हसू होतं. ‘आत्ताच कळवलं. मीटरवर नाही, तक्रारीच्या खिडकीत. लोकांचं ऐकून घ्यायचं आणि लिहून घ्यायचं. पगार जरा कमी आहे, पण बसून काम. त्या बाई म्हणाल्या, तुमच्या साहेबांनी फार आपुलकीने सांगितलं.’

‘बाई, ऐका. तो काटा...’

‘मिळाला ना? मला धाकधूक होती, खोकं नीट पोचतं की नाही.’

‘मिळाला. काटा बरोबर आहे. मला तेच सांगायचंय की तुमची...’

‘तेच ना, साहेब. काटा बरोबर, म्हणजे डोळेच,’ ती म्हणाली. ‘आकड्यांचं काम देऊ नका म्हणालात तेही सांगितलं त्यांनी. वाईट नाही वाटलं मला, देवाशपथ. माझ्या तोंडून निघालं नसतं, आणि मीटरवर गेले असते तर कुणा गरिबाचं बिल चुकवून बसले असते. तुम्ही वाचवलंत. आणि मी गप्प नाही बसले हं. मागच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले.’

तो पलंगाच्या कडेवर बसला. बाहेरच्या खोलीत बायकोची कात्री एकदा वाजली.

‘काय म्हणाले?’ त्याने विचारलं.

‘म्हणाले, नंबर नाही, डोळे उत्तम आहेत. मी म्हटलं, असं कसं डॉक्टर, चाळीस घरांचं चुकलंय माझं. ते हसले नुसते. मग मीच दुकानातून घेतला चष्मा, हलक्या नंबरचा. दिवसभर घालते.’

ती थांबली. आता बोलायची पाळी त्याची होती. वाक्य तोंडात तयार होतं, तीनदा म्हणून पाहिलेलं, आणि ते म्हटलं तर त्याबरोबर या चष्म्याचंही बोलावं लागणार होतं.

‘दिसतं ना नीट?’ तो म्हणाला.

‘लांबचं जरा पुसट दिसतं. पायऱ्या उतरताना चुकायला होतं. दुकानदार म्हणाला, सवय होईल.’

‘होईल,’ तो म्हणाला.